लव्हाळे, बाभूळ, जोंधळा : कवितेतला चिवटपणा वाचायचा कसा, लिहायचा कसा?

अष्टाक्षरी

संघर्षाच्या कविता चाळायला घेतल्या की ठरलेली मंडळी भेटतात. वादळात ठाम उभा वटवृक्ष, कातळ फोडून आलेलं रोपटं, राखेतून उठणारा फिनिक्स. फिनिक्स तर आपल्या आभाळातला पक्षीच नव्हे. बाकी दोन आपल्या मातीतले आहेत, पण लिहिणाऱ्याने त्यांच्याकडे नीट पाहिलेलं नसतं. उलट काही ओळी साडेतीनशे वर्षांनंतरही जशाच्या तशा टवटवीत आहेत. त्या का टिकल्या, हे ओळी उघडून पाहण्यासाठी हा धागा. नुसतं 'सुंदर', 'भिडलं' नको. झाड कोणतं, ते करतं काय, क्रियापद कोणतं, अक्षरं किती, असं बोलू.

सुरुवात तुकोबांपासून.

नीचपण बरवें देवा । न चले कोणाचाही दावा ॥
महापुरें झाडें जाती । तेथें लव्हाळे राहाती ॥
येतां सिंधूच्या लहरी । नम्र होतां जाती वरी ॥
तुका म्हणे कळ । पाय धरिल्या न चले बळ ॥

पहिली गोष्ट पाठाची. लोकांच्या तोंडी 'लव्हाळे वाचती' आहे, छापील गाथेत 'राहाती' मिळतं. दोन्ही तीन-तीन अक्षरांचे, त्यामुळे छंद इथे निवाडा करू शकत नाही. अर्थ करतो. 'वाचणे' म्हणजे संकटातून सुटणे, त्यात नशिबाचाही वाटा असतो. 'राहणे' म्हणजे आहे त्या जागी असणे. झाडं 'जाती', लव्हाळे 'राहाती' ही जोडी जाण्या-राहण्याची आहे. ती मोडून 'वाचती' केलं की ओळ निव्वळ सुटकेची होते.

दुसरी गोष्ट मोजणीची. अक्षरं मोजा. पहिल्या ओळीत ९ आणि ९. शेवटच्या ओळीत ६ आणि १०. मधल्या दोन्ही ओळींत मात्र ८-८, ८-८, अगदी काट्यावर. लहान अभंगाचं माप ८ अक्षरांचं. जिथे विधान आहे तिथे माप सैल आहे, गाताना ते सांभाळलं जातं. जिथे पूर आणि लाट आली तिथे माप एका अक्षरानेही ढळत नाही. हे तुकोबांनी मोजून केलं असं म्हणत नाही. पण प्रतिमा नेमकी असली की छंदही आपोआप घट्ट होतो, हे मात्र इथे दिसतं.

बांधावरची_बोर

लव्हाळ्याबद्दल थोडं. हे नाव नदीकाठच्या मोथ्याच्या कुळातल्या बऱ्याच वनस्पतींना लावतात. गवतासारखे दिसले तरी हे गवत नव्हे. ओळखायची सोपी खूण : दांडा दोन बोटांत धरून फिरवायचा. गवताचा दांडा गोल, पेरांचा आणि बहुधा पोकळ. लव्हाळ्याचा तीनधारी, भरीव, पेरं नसलेला. बोटाला तीन कडा लागतात.

आता पुरात काय होतं ते बघा. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. पाणी दुप्पट वेगाने आलं तर रेटा चौपट. झाडाचा बुंधा आणि फांद्या हा सगळा रेटा अंगावर घेतात, शिवाय मुळाशी भोवरा धरून पाणी माती ओढून नेतं. झाड बहुतेक वेळा मोडत नाही, ते उपटतं. लव्हाळा आडवा होतो, पाण्याच्या दिशेने निजतो, त्यामुळे अडवणारा पृष्ठभागच उरत नाही. आणि खाली? खाली गाठींची माळ असते, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी. तीच माती धरून बसते.

म्हणजे ओळीत दिसतं ते वाकणं, न दिसणारी गोष्ट आहे पकड. 'राहाती' हे क्रियापद पकडीचं आहे. अष्टाक्षरींनी पाठ बरोबर लावून धरला.

आणखी एक. शेतात हाच लव्हाळा शेतकऱ्याचा वैरी. नांगर फिरवला की माळ तुटते आणि तुटलेली प्रत्येक गाठ नवा कोंब काढते. एका झाडाची शंभर होतात. हराळी आणि लव्हाळा ही जोडी उन्हाळ्यात खोल नांगरट करून, गाठी हाताने वेचूनच थोडीफार आटोक्यात येते. चिवटपणाची ही बाजू अजून कुणी नीट लिहायची आहे.

प्रश्नचिन्ह

मग हा संघर्ष म्हणायचा का? वाकून राहणं म्हणजे शरणागतीच झाली ना?

उजेडवाट

प्रश्नचिन्ह, तुमची शंका रास्त आहे आणि ती जोरात मांडली पाहिजे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाकवूनच ठेवलं, त्यांच्यापुढे 'नम्र व्हा, म्हणजे पूर वरून जाईल' ही ओळ सुविचार म्हणून ठेवणं क्रूर आहे. भिंतीवर टांगलेला लव्हाळा आणि अभंगातला लव्हाळा यांत फरक केला नाही, तर निसर्गप्रतिमा ही गप्प बसवण्याची सोय होते.

दुसरा मुद्दा पाण्याचा. मराठी कवितेत पाणी म्हणजे पूर किंवा पाऊस, म्हणजे आभाळाची इच्छा. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जे पाणी होतं ते पूर नव्हतं, दुष्काळ नव्हता. ते समोर होतं आणि माणसांनी अडवलेलं होतं. तिथे लव्हाळ्याची कळ चालत नाही. तिथे चालत जाऊन ओंजळ भरावी लागते. म्हणून कुठल्याही निसर्गप्रतिमेला मी पहिला प्रश्न हाच विचारतो : इथे समोर जे बळ आहे ते खरंच निसर्गाचं आहे, की माणसाचं बळ निसर्गाच्या कपड्यात आणलंय? जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहिला, त्यात ते नुसत्या पावसाला बोल लावून थांबत नाहीत. नोकरशाही, कर्ज, जंगलखात्याने बंद केलेली चराई, सगळं नावानिशी येतं, आणि उपाय म्हणून डोंगरउतारावर ताली-बंधारे घाला हेही येतं. कवितेने इतका हिशोब द्यावा असं नाही. पण हिशोब लपवू नये.

अष्टाक्षरी

उजेडवाट, मान्य. सुविचार म्हणून टांगलेल्या लव्हाळ्याबद्दल तर पूर्ण मान्य. पण अभंगाची शेवटची ओळ वगळून तो वाचू नका. 'तुका म्हणे कळ'. कळ म्हणजे युक्ती. कुलपाची कळ, यंत्राची कळ म्हणतो तीच. आणि पुढे 'पाय धरिल्या न चले बळ'. ज्याचे पाय धरले त्याचंच बळ चालेनासं होतं. कुस्ती पाहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. इथे वाकणं हा डाव आहे. हाच कवी दुसरीकडे 'मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास । कठिण वज्रास भेदूं ऐसे' म्हणतो, आणि 'रात्रंदिवस आम्हां युद्धाचा प्रसंग' ही ओळही त्याचीच. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात घरातलं माणूस अन्न अन्न करत गेलं, हे ज्याने स्वतःच्या अभंगात नोंदवून ठेवलं, त्याला लवचीकपणाची किंमत माहीत नव्हती असं कसं म्हणावं?

बांधावरची_बोर

वाकणं म्हणजे शरण जाणं नव्हे, याचा पुरावा कापसाच्या शेतात मिळतो. सरकी टोकल्यावर जमिनीबाहेर आधी पानं येत नाहीत. आधी येतो तो आकडा, मान खाली घातलेला दांडा. कोवळी पानं मागे, खाली, सुरक्षित. वाकलेली मान माती वर ढकलते, बाहेर आली की सरळ होते आणि मग पानं उघडतात. पेरणीनंतर जोरात पाऊस होऊन लगेच ऊन पडलं की जमिनीवर पापडी धरते. तेव्हा याच वाकलेल्या मानेची परीक्षा. पापडी जाड असेल तर कोंब आतच मोडतो आणि दुबार टोकणी करावी लागते.

बहिणाबाईंची ओळ या नजरेने पुन्हा वाचा :

ऊन वाऱ्याशी खेळता
एका एका कोंबातून
पर्गटले दोन पानं
जसे हात जोडीसन

'दोन पानं'. ज्वारी-बाजरीचा कोंब एकाच पानाची सुरळी घेऊन वर येतो, तिथे हात जोडलेले दिसणार नाहीत. जोडलेले हात म्हणजे द्विदल. कापसाच्या खान्देशात ही उपमा सुचावी यात नवल नाही. उपमेत भक्ती आहे, पण त्याआधी बांधावर वाकून केलेली पाहणी आहे. भक्तीचा भाग खरा वाटतो तो या पाहणीमुळे.

शब्दवेध

ताठ उभं राहणाऱ्यांकडेही वळू. वसंत बापटांची 'बाभुळझाड'. 'अस्सल लाकूड भक्कम गाठ' अशी सुरुवात आहे. पहिल्या दोन ओळींत क्रियापद शोधा. नाही. नुसती नामं आणि विशेषणं, टणाटण ठोकल्यासारखी. मग येतं 'वारा खात, गारा खात'. एकच क्रियापद, दोन चवींचं. वारा खाणं म्हणजे आपण संध्याकाळी ओट्यावर बसून जे करतो ते. गारा खाणं मात्र मार खाण्याच्या जातीचं. सुख आणि मार एकाच 'खात' मध्ये बसवलेत, आणि दोन्हीला झाडाची तक्रार नाही.

पुढचं ध्रुवपद 'बाभुळझाड उभेच आहे'. त्यातला 'च' काढून म्हणून पाहा. 'बाभुळझाड उभे आहे' ही माहिती झाली, सर्व्हे नंबरच्या उताऱ्यात शोभेल अशी. 'उभेच' म्हटलं की इतकं सगळं होऊनही, कुणाची अपेक्षा नसतानाही, अजूनही, हे सगळं एका अक्षरात येतं.

रसग्रहणात हमखास होणारी चूक म्हणजे 'कवीने बाभळीच्या कणखरपणाचे वर्णन केले आहे' एवढं लिहून थांबणं. कणखरपणा पहिल्या कडव्यात आहे. पुढे हळद विटते, ढलपी फुटते, झाड काकुळतीने बघतं. काकुळतीने! कवितेचं वजन तिथे आहे. किंमत दाखवल्याशिवाय चिवटपणा दिसत नाही. किंमत लपवली की उरते ती पोवाड्यातली बढाई.

कोरडवाहू

'माथ्यावरची हळद' यावरून झाड नक्की होतं. ही देशी बाभूळ. तिची फुलं म्हणजे हळदीच्या रंगाचे गोल गोंडे. बाहेरून आलेल्या वेड्या बाभळीला फिकट, लांबट तुरे येतात, त्यांना हळद कुणी म्हणणार नाही. देशी बाभळीचे काटे पांढरे, सरळ आणि जोडीने. शेंगा राखाडी, दोन बियांमध्ये आवळलेल्या, गळ्यातल्या माळेसारख्या. दुष्काळात शेळ्या त्यांच्यावर निघतात.

लाकडाचं म्हणाल तर कुळव, वखर, तिफण, गाडीच्या चाकाचे आरे, सगळ्याला बाभूळच लागायची. पण सगळं लाकूड सारखं नसतं. आतला तांबूस गाभा टिकतो, बाहेरचा पांढरट भाग भुंगा लागून पिठासारखा होतो. म्हणून तोडलेले ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवायची रीत होती.

आणि शेवटी खांद्यावर जे घरटं आहे ते सुतार पक्ष्याचं. सुतार पक्षी ढोलीसाठी बहुतेक मेलेलं, आतून भुसभुशीत झालेलं लाकूड निवडतो. म्हणजे ज्या झाडाची सुरुवात 'अस्सल लाकूड' अशी झाली, ते आता आतून कुजतंय, हे घरटंच सांगतं. कवीला ते वेगळं लिहावं लागलं नाही. त्यात नावही सुतार. ज्या झाडाचा शेवट माणसातल्या सुताराकडे व्हायचा, ते पाखरातल्या सुताराला अंगावर घेऊन उभं आहे.

गोदाकाठ

कुसुमाग्रजांच्या 'कणा' शिवाय हा धागा पुरा होणार नाही. पुरात घर गेलेला जुना विद्यार्थी सरांना भेटायला येतो, ती कविता. तिथे निसर्ग झाड होऊन सोसत नाही, पाणी होऊन घरात शिरतो.

नाशकाबाहेरचे वाचक 'गंगामाई' वाचून उत्तरेतली गंगा डोळ्यांपुढे आणतात. नाशकात गोदावरीलाच गंगा म्हणतात. गंगेवर जाऊन येतो, गंगेला पाणी आलं, हे रोजचं बोलणं. पूर किती आला हे सांगायला आकडा लागत नाही, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी पोचलं ते सांगतात. म्हणून कवितेतला माणूस जेव्हा नदीला पाहुणी म्हणतो तेव्हा तो अलंकार करत नाही. तो घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतोय. पाहुणी, माहेरवाशीण, प्रसाद, तिन्ही शब्द शुभकार्यातले. गेलं काय? भिंत आणि चूल. शब्द आणि नुकसान यांच्यात ही जी दरी आहे, तिच्यात सगळा आक्रोश मावलाय. त्याने नदीला शिव्या दिल्या असत्या तर कविता निम्मी झाली असती.

उजेडवाट, तुमच्या प्रश्नाला इथे उत्तर आहे असं वाटतं. बळ निसर्गाचंच आहे, ते लपवलेलं नाही. पण उभं राहण्यासाठी तो नदीकडे काही मागत नाही. तो माणसाकडे येतो. तेही पैसे घ्यायला नाही.

शब्दवेध

गोदाकाठ, त्यात व्याकरण जोडतो. उभारणीच्या ओळींतली क्रियापदं पाहा : लढतो आहे, बांधतो आहे, काढतो आहे. अपूर्ण वर्तमानकाळ, तीनदा. बाभळीचं 'उभेच आहे', 'जगते आहे' हेही त्याच कुळातलं. मोडणं पूर्ण झालेलं आहे, म्हणून तिथे भूतकाळ. सोसणं आणि बांधणं चालू आहे, म्हणून 'आहे'. चिवटपणा विशेषणात शोधू नका, काळात शोधा. 'खंबीर', 'अभेद्य', 'झुंजार' ही विशेषणं दहा वेळा लिहिली तरी एका 'बांधतो आहे'ची बरोबरी होत नाही.

शिकवणाऱ्यांसाठी अलंकाराचं एवढं सांगून ठेवतो, कारण उत्तरपत्रिकांत इथेच गोंधळ होतो. तुकोबांचा लव्हाळा हा दृष्टान्त : आधी विधान ('नीचपण बरवें'), मग त्याच्या जोडीचा दाखला. बापटांची बाभूळ ही अन्योक्ती : दाखला आहे, विधान गाळलेलं, माणसाचं नावही नाही. 'कणा'तली गंगामाई ही चेतनागुणोक्ती : नदी माणसासारखी वागते. तिघांना सरसकट 'प्रतीक' म्हणून मोकळं होऊ नये.

उजेडवाट

'च' आणि काळ निघालाच आहे तर नामदेव ढसाळांकडे चला. 'गोलपिठा', १९७२. 'आता' या कवितेत सूर्याकडे पाठ फिरवून शतकांचा प्रवास झाल्याचं येतं, आणि मग सूर्यफुलासारखं सूर्योन्मुख 'झालेच पाहिजे'. इथेही 'च' आहे, पण अपूर्ण वर्तमान नाही. 'पाहिजे' आहे. सोसणं संपलं, ठरवणं सुरू झालं. बाभळीचा 'च' आणि हा 'च' शेजारी ठेवले की साठ-सत्तरच्या दशकात मराठी कवितेत काय बदललं ते एका अक्षरात दिसतं. बाभूळ जिथे होती तिथेच आहे. सूर्यफूल मान वळवतं.

बांधावरची_बोर

आणि ते नेमकं आहे. वाढीच्या वयातलं सूर्यफूल दिवसभर सूर्यामागे पूर्व-पश्चिम वळतं आणि रात्रीतून परत पूर्वेला येतं. पूर्ण उमललं, देठ निबर झाला की वळणं थांबतं आणि ते पूर्वेकडे तोंड करून कायमचं राहतं. 'दिवसभर सूर्याकडे पाहणारं पिकलेलं सूर्यफूल' अशी ओळ कुणी लिहिली तर ती चूक आहे. कोवळं असेल तरच वळतं. 'उन्मुख होणे' हे तरुण झाडाचं काम.

चूक म्हटल्यावर सुगरणीचं बोललं पाहिजे. बहिणाबाईंचा खोपा 'तिनं' टांगलेला आहे. प्रत्यक्षात खोपा विणतो नर. गवताची, भाताच्या पातीची वीतभर-दोन वीत धांदोटी फाडून आणायची, अशा पाचशेपर्यंत फेऱ्या, सगळं मिळून अठराएक दिवस. त्यातले आठेक दिवस शिरस्त्राणासारख्या अर्ध्या टप्प्यापर्यंत. त्या टप्प्यावर मादी येऊन पारखते. पसंत पडला तरच पुढची नळी विणली जाते, नाहीतर अर्धवट खोपे तसेच झाडावर लटकत राहतात. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी १९३० च्या सुमाराला अलिबागजवळच्या किहीमला बसून हे सगळं पाहिलं आणि मांडलं.

अष्टाक्षरी

मग कविता खोटी ठरली का? मला नाही वाटत. भाषेनेच त्या पक्ष्याला स्त्रीलिंगी केलंय. 'सुगरण' म्हटल्यावर 'तो' म्हणणं मराठीला शक्यच नव्हतं. आणि कवितेचा भार 'कुणी विणलं' यावर नाही, 'कशाने विणलं' यावर आहे :

तिची उलूशीच चोच
तेच दात, तेच ओठ
तुले देले रे देवानं
दोन हात दहा बोटं

बत्तीस अक्षरांत हत्यारांची यादी. एका बाजूला एक चोच, दुसऱ्या बाजूला दहा बोटं. आणि पाहा, 'उलूशीच', 'तेच', 'तेच', पुन्हा तोच 'च'. त्याआधी खोप्याला 'गिलक्याचा कोसा' म्हटलंय. गिलकं म्हणजे घोसाळं, ते वेलावरच वाळलं की आत जाळीदार धाग्यांचा सांगाडा राहतो. खोप्याची वीण हातात घेऊन पाहिली तर दुसरी उपमा सुचणार नाही. पक्षी नर की मादी हे चुकलं असेल, वीण चुकलेली नाही. प्रतिमेने जिथे वजन टाकलंय तिथे ती खरी असली पाहिजे.

खाडीपलीकडे

कोकण-गोव्याच्या बाजूने एक गोष्ट. तिवराकडे कुणी पाहतच नाही. दिवसातून दोनदा खारं पाणी अंगावर येतं, चिखलात हवा नाही, म्हणून त्याची मुळं श्वासासाठी चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात. जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकलं जातं. भरदुपारी पान जिभेला लावलं तर खारट लागतं. कांदळाची बी तर झाडावरच रुजते आणि हातभर लांब कोंब होऊन चिखलात पडते. लव्हाळ्याचा पूर वर्षातून एकदा, तिवराचा रोज दोनदा. रोजच्या सोसण्याची इतकी तयार प्रतिमा दुसरी नाही.

प्रश्नचिन्ह

हे सगळं वाचून लिहिताना काय करायचं ते समजलं नाही. नमुन्याला ही ओळ घ्या : 'वादळातही ठाम उभा मी वटवृक्षासारखा'. हिचं काय करता येईल?

कोरडवाहू

पहिली कसोटी : झाड बदलून पाहा. 'वादळातही ठाम उभा मी पिंपळासारखा'. ओळीला काही झालं का? नाही. म्हणजे वड तिथे होताच कुठे. वडाचं खरं बळ पारंब्यांत. त्या जमिनीला टेकल्या की खांब होतात, मूळ बुंधा पोकळ झाला तरी झाड चालतं. ते ओळीत नाही.

दुसरी कसोटी : 'मी' काढा. माणूस वाचणाऱ्याला सापडतोच.

तिसरी : क्रियापद बदला. 'उभा' सगळेच असतात. तुमचं झाड संकटात नेमकं काय करतं?

एक पीक सुचवतो. जोंधळा. पाण्याचा ताण पडला की तो पान लांबीत मिटून सुरळी करतो, म्हणजे उन्हाला अंग कमी लागतं. वाढ थांबवतो. वाळल्यासारखा दिसतो पण मेलेला नसतो. पाऊस झाला की पुन्हा चालू. मका असं थांबू शकत नाही. तुरा यायच्या वेळी पाणी हुकलं की मक्याचं कणीस भरतच नाही. पण जोंधळ्यालाही किंमत आहे. ताण पोटरीत असताना आला, म्हणजे कणीस अजून वरच्या पानाच्या आवरणात असताना आला, तर ते तिथेच अडकतं. उशिरा निसवतं किंवा अर्धंच बाहेर येतं. लांबला ताण तर धाटं कडब्यालाच जातात.

अष्टाक्षरी

कोरडवाहूंनी दिलेलं साहित्य ओवीच्या मापात बसवून पाहू. चार चरण, प्रत्येकी ८ अक्षरं. पहिला खर्डा :

पान मिटून सुरळी
जोंधळा हा खोळंबला
एका सरीच्या बोलीने
दाणा पुढे लांबवला

दोष : 'हा' आणि 'पुढे' भरीचे. लांबवणं पुढेच असतं, मागे नसतं. शिवाय 'लांबवला' मध्ये जोंधळा स्वतः ठरवतोय असं होतं, किंमत दिसत नाही. आणि दोन्ही क्रियापदं भूतकाळी, म्हणजे गोष्ट संपली. शब्दवेधांनी काळाबद्दल सांगितलं ते इथे लागू. दुसरा खर्डा :

पान मिटून सुरळी
जोंधळा खोळंबलेला
एका सरीच्या बोलीने
पोटरीत कोंडलेला

क्रियापदं गेली, अवस्था राहिल्या. 'खोळंबलेला' अजून खोळंबलेलाच आहे. 'पोटरी' हा शब्द पिकाचाही आणि पायाचाही, दोन्ही अर्थ चालतात. आणि कोंडलेपणात किंमत आली.

प्रश्नचिन्ह

'बोलीने' खटकतं. बोलायला आपण 'बोलीवर' म्हणतो ना? अमुक बोलीवर गडी ठेवला, तमुक बोलीवर बैल दिला.

कोरडवाहू

बरोबर. 'बोलीवर'च पाहिजे. व्यवहाराचा शब्द आहे तो.

अष्टाक्षरी

'एका सरीच्या बोलीवर' नऊ अक्षरं होतात, माप मोडतं. एक अक्षर काढायचं तर 'एका' सोडावं लागेल, पण मग सरीचा एकटेपणा जातो. 'सरीच्याच बोलीवर' करून पाहा. स-री-च्या-च-बो-ली-व-र, आठ. आकडा गेला, पण दुसरं काहीच हाताशी नाही, हे 'च'ने राखलं.

पान मिटून सुरळी
जोंधळा खोळंबलेला
सरीच्याच बोलीवर
पोटरीत कोंडलेला